पाणी घालते हं

माइकसमोर उभं राहून बोलायचं आहे हे आपाला कळलं, तेव्हा ती एका जाडजूड कोटाची बिघडलेली चेन उसवत होती. निरोप घेऊन आल्या होत्या मशिदीच्या कार्यक्रम समितीच्या प्रमुख. त्या पूर्वी मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी लोक त्यांना हेडबाईच म्हणत, आणि त्याही समोरचा माणूस वर्गात उशिरा आल्यासारख्याच सुरात बोलत.

"दहा मिनिटं," हेडबाई म्हणाल्या. "खुल्या दिवसाला. फक्त दहा."

"मी दरवर्षी असतेच की," आपा म्हणाली. "मशीन घेऊन बसते, ज्याचं जे फाटलंय ते शिवून देते."

"मशीन आणाच. पण दुपारी तीनला उठायचं आणि व्यासपीठावर यायचं."

आपाने चेन बाजूला ठेवली. "बोलायचं काय पण?"

"तुम्ही करता ते."

"पँट्स आखूड करते."

"ते नाही," हेडबाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. "दुसरं."

दुसरं म्हणजे, आपा मेलेल्या बायकांना आंघोळ घालत असे. बावीस वर्षं. वस्तीतल्या कुठल्याही मुसलमान घरात बाई गेली की आधी डॉक्टरला फोन जाई आणि मग आपाला. दुकानाच्या दारावर 'थोड्या वेळात येते' अशी पाटी लावून ती निघे. सुरुवात झाली तिच्या सासूपासून. त्या वेळी हे काम करणारी म्हातारी आजारी होती, तिने फोनवरून एकेक पायरी सांगितली आणि आपाने ती केली. नंतर लोक बोलावत गेले, ती जात राहिली. आपा हे तिचं नाव नव्हे. मोठ्या बहिणीला म्हणतात ते, पण आता तिच्याहून वयाने मोठ्या बायकाही तिला आपाच म्हणत.

आणि खुला दिवस म्हणजे मशिदीचे दरवाजे सगळ्यांसाठी उघडे असण्याचा दिवस. खरं तर ते रोजच उघडे असत, पण त्या दिवशी बाहेर फळा लावून तसं सांगितलं जाई, म्हणून लोक येत. रक्तदाब तपासून मिळे, ज्यांना गरज असेल त्यांना धुतलेले गरम कपडे नेता येत, एक पेंटरकाका पोरांची नावं वळणदार अक्षरांत लिहून देत, चहा-बिस्किटं असत. दुपारी चर्चा. या वर्षी शेजारचं चर्च आणि पलीकडचं देऊळ यांच्याशी मिळून विषय ठरला होता : आपण आपल्या माणसांना निरोप कसा देतो.

"समितीत कुरकुर झाली," हेडबाईंनी सांगून टाकलं. "टायरवाले म्हणाले, लोकांना चहाला बोलवायचं आणि मढ्याच्या गोष्टी ऐकवायच्या? पण इमामसाहेब म्हणाले, आपाला विचारा."

मेलेल्या माणसाजवळ एकटं बसायला आपाला कधी काही वाटलं नव्हतं. जिवंत दीडशे माणसं रांगेने समोर बसणार म्हटल्यावर मात्र तिचे हात गार पडले. पण नाही म्हणायची तिची ताकद होती फक्त गिऱ्हाइकांपुढे. हेडबाईंपुढे तर शहराचा महापौरही हो म्हणाला असता.

भाषण लिहून दिलं सुनेने. सून दाताच्या दवाखान्यात स्वागतिका होती, टायपिंग झकास करायची. मोठ्या अक्षरांत दोन पानं तिने काढून आणली. सासू-सुनेचं तसं छान जमायचं. एकच गोष्ट होती. आपा कुणाला आंघोळ घालून आली की त्या दिवशी सून जरा लांब लांब राही. तोंडाने काही म्हणत नसे, पण आपा मांडीवर घ्यायला गेली की नातीला झोप आलेली असे, भूक लागलेली असे, काही ना काही असे. दुसऱ्या दिवशी सगळं पूर्ववत. आपाने यावर कधी शब्द काढला नाही. मनाला मात्र लागायचं.

आठवडाभर आपा मशीन चालवत भाषण पाठ करत होती. सगळं येई, पण 'अंत्यसंस्कारविषयक' या शब्दाशी गाडी अडे. "दुसरा शब्द नाही का गं?" तिने विचारलं.

"अम्मी, कार्यक्रमाला शोभेल असं नको का?" सून म्हणाली.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला. आधी चर्चचे पाद्री बोलले, मग देवळाच्या विश्वस्त बाई. दोघंही छान बोलले. विश्वस्त बाईंनी तर पडद्यावर चित्रं दाखवली. मग आपाचं नाव पुकारलं गेलं. ती माइकसमोर आली, पान उघडलं आणि वाचायला लागली. दुसऱ्याच ओळीला तो शब्द आला. अंत्यसं. अंत्यविष. अंत्यस्क. कुणीतरी खोकलं. तिसऱ्या रांगेत सुनेने ओढणी तोंडाशी नेली.

बाजूच्या टेबलावर पांढऱ्या कापडाचा तागा होता. 'नुसता असू दे, दाखवायला,' असं म्हणून इमामसाहेबांनी ठेवायला सांगितलेला. आपाने पान घडी करून खिशात घातलं आणि तागा उलगडला. कापड हाताला लागलं तसे हात स्थिर झाले.

"मी शिंपीण आहे," ती म्हणाली. "सकाळपासून रात्रीपर्यंत शिवते. पण हे एकच कापड असं आहे की ज्याला मी टाका घालत नाही. बाईला पाच तुकडे, पुरुषाला तीन. हे असं फाडायचं, सरळ रेषेत, हाताने." तिने फाडून दाखवलं. चरचर आवाज माइकमधून सगळ्या हॉलभर गेला. "त्याआधी आंघोळ. पाणी कोमट. आपल्या कोपरावर घालून बघायचं, बाळाचं बघतो तसं. अंगावर चादर असते, ती काढायची नाही. चादरीखालून हात फिरवायचा, हाताला कापडी पिशवी बांधून. उजव्या बाजूने सुरुवात. जोर करायचा नाही. केस विंचरताना गुंता आला तर खालून सोडवत यायचं, ओढायचं नाही. दुखणार नाही तिला, ते मलाही कळतं. तरी नाही ओढायचं."

दहाची पंधरा मिनिटं झाली तरी कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही.

प्रश्न विचारा म्हटल्यावर स्थानिक वर्तमानपत्राचा एक माणूस उठला. "एवढ्या वर्षांत काही विचित्र बघितलंय का तुम्ही? काही भयानक? अंगावर शहारा येईल असं?"

"बघितलंय की," आपा म्हणाली.

त्याने पेन सरसावलं. "काय?"

"ते नाही सांगता येत. आंघोळ घालताना जे दिसतं ते तिथेच ठेवायचं. कुणाच्या अंगावर काय होतं, काय नव्हतं, ते घरच्यांनाही सांगायचं नाही. ते माझ्याबरोबर जाईल."

"म्हणजे एकही किस्सा नाही?"

"तुमच्या आईचा किस्सा मी दुसऱ्या कुणाला सांगितला तर चालेल का तुम्हाला?"

तो माणूस खाली बसला, आणि बसल्यावर त्याने पेन खिशात ठेवलं. चांगला माणूस होता, बिचाऱ्याला बातमी हवी होती एवढंच.

शेवटच्या रांगेतून एक बाई उभ्या राहिल्या. साठीच्या आसपास, आखूड केस, खांद्याला पुस्तकांनी फुगलेली कापडी पिशवी. वस्तीतल्या सार्वजनिक वाचनालयाच्या त्या ग्रंथपाल. "एखाद्याचा धर्मच नसेल तर?" त्यांनी विचारलं. "त्याला कोण आंघोळ घालतं?"

आपाने इमामसाहेबांकडे पाहिलं, त्यांनी पाद्रींकडे, पाद्रींनी विश्वस्त बाईंकडे. तेवढ्यात हेडबाईंनी चहा झाल्याचं जाहीर केलं.

तीन आठवड्यांनी ग्रंथपाल बाई दुकानात आल्या. हातात एक ब्लाउज. "बटण घट्ट करून हवंय," त्या म्हणाल्या. आपाने पाहिलं. बटण दगडासारखं घट्ट होतं.

"बसा," आपा म्हणाली आणि दारावर पाटी लावली.

बाई टेपच्या गुंडाळीशी चाळा करत बसल्या. मग म्हणाल्या, "मी एका मैत्रिणीबरोबर राहते. एकतीस वर्षं झाली. ती पोहायला शिकवायची, या भागातली अर्धी माणसं तिने पाण्यात उतरवली असतील. आता ती फार दिवसांची नाही. डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितलंय."

आपाने ब्लाउज घडी करून बाजूला ठेवला.

"तिला देवाधर्माचं काही नको आहे. पण तिच्या अंगावर एक गोष्ट आहे. तिने ती आयुष्यभर लपवली. चाळीस वर्षं तलावावर उभी राहिली ती अंगभर कपड्यांत. डॉक्टर आणि मी सोडून कुणी बघितलेलं नाही. आता तिला एकच धास्ती आहे. मेल्यावर ते अंत्यविधीच्या गाडीवाले येतील, परकी माणसं, कपडे काढतील, बघतील, आपसात बोलतील. मी तिला म्हटलं, मीच करीन सगळं. पण मला काही येत नाही हो. मी पुस्तकांना कव्हरं घालणारी बाई." त्यांनी आपाकडे पाहिलं. "त्या दिवशी तुम्ही त्या पेपरवाल्याला उत्तर दिलंत. मी घरी जाऊन तिला सांगितलं. ती म्हणाली, त्या बाईला विचार."

आपा लगेच हो म्हणाली नाही. संध्याकाळच्या नमाजानंतर तिने इमामसाहेबांना गाठलं. ते वयाने तिच्याहून लहान, गुडघेदुखीने हैराण, जिन्यावर बसून बूट घालत होते. टायरवालेही तिथेच होते.

"विधी म्हणून नाही करता येणार," इमामसाहेब म्हणाले. "त्यांना तो नकोही आहे. पण एका माणसाने दुसऱ्या माणसाला मायेने आंघोळ घातली, याला मी कुठल्या तोंडाने नाही म्हणू?"

"आज एक, उद्या सगळी वस्ती येईल," टायरवाले म्हणाले. "आपल्याकडे आंघोळीला रांग लागेल."

"लागू दे," इमामसाहेब बुटाची नाडी ओढत म्हणाले. "पाणी तापवून ठेवू."

टायरवाल्यांना हसू आवरेना, आणि हसल्यावर माणसाला पुन्हा कुरकुर करणं अवघड जातं.

आपाने एकच अट घातली : आधी त्या बाईंना भेटायचं, जिवंतपणी. बावीस वर्षांत तिने ज्यांना आंघोळ घातली त्यातल्या कुणीही तिला कधी पसंत-नापसंत केलं नव्हतं. इथे तो मान देता येत होता.

तिसऱ्या मजल्यावरचं घर. दारापासून पलंगापर्यंत दोन्ही भिंतींना पुस्तकं. पलंगावर रुंद खांद्यांची एक बाई, अंगाने अगदी उतरलेली, पण नजर अजून काठावर उभं राहून पोरांवर ओरडणाऱ्या मास्तरणीची.

"हात दाखवा," तिने आपाला पाहिल्या पाहिल्या फर्मावलं.

आपाने दोन्ही हात पुढे केले.

"नखं कापलेली आहेत. अंगठी नाही. ठीक." ती दमली, थांबली. "चाळीस वर्षं मी लोकांना पाण्यात ढकललं. आता मला कुणीतरी पाण्यात घालणार. फिट्टंफाट."

"कोमट असेल," आपा म्हणाली.

"हे चांगलं. मला गार चालत नाही. कुणाला सांगू नका, पण कधीच चालायचं नाही." मग तिचा चेहरा गंभीर झाला. "जे बघाल ते कुणाला बोलणार नाही?"

"नाही."

"घरी?"

"नाही."

"तुमच्या त्या इमामाला?"

"नाही."

"देवाला?"

"त्याला ठाऊक असेल की आधीच."

पलंगावरची बाई हसायला लागली आणि हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली. ग्रंथपाल बाई धावत पाणी घेऊन आल्या. दोन घोट घेऊन ती म्हणाली, "चालेल. ही चालेल मला."

अकरा दिवसांनी, सकाळी दहाच्या सुमाराला फोन आला. आपाचा मुलगा बस चालवायचा, तो कामावर होता. सुनेला दवाखान्यात सुट्टी होती, तिनेच गाडी काढली. नातीला शेजाऱ्यांकडे ठेवलं. बादल्या, तांब्या, चादरी, कापडी पिशव्या मागच्या सीटवर. जिन्याशी आपा म्हणाली, "तू खालीच थांब."

"बादल्या एवढ्या वर कशा नेणार तुम्ही?" सून म्हणाली आणि दोन बादल्या उचलून पुढे निघाली.

डॉक्टर येऊन कागद देऊन गेले होते. ग्रंथपाल बाईंनी पलंगाशेजारी जेवणाचं लांब टेबल लावून त्यावर मेणकापड अंथरलं होतं. त्या नीट होत्या, जरा जास्तच नीट. काय कुठे ठेवलंय ते यादी वाचल्यासारखं सांगत होत्या. ठरल्याप्रमाणे खोलीत फक्त दोघी. सून स्वयंपाकघरात पाणी तापवणार आणि दारापर्यंत आणून ठेवणार, पाठ आत करून.

दोघींनी मिळून तिला टेबलावर घेतलं. चादर घातली, चादरीखालून कपडे काढले. आपाने कोपरावर पाणी घालून बघितलं, तांब्या भरला आणि ग्रंथपाल बाईंच्या हातात दिला.

बाई तांब्या धरून उभ्याच राहिल्या. पाणी काही घालवेना.

"मला नाही जमणार," त्या म्हणाल्या. "तिला कळत नाहीये. मी कुणावर पाणी घालतेय तेच कळत नाहीये मला."

"तिला सांगा आधी," आपा म्हणाली.

"काय सांगू?"

"पाणी घालतेय म्हणून. मी सांगते नेहमी." आणि आपा वाकली, रुंद खांद्यावर हात ठेवला आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "बाई, पाणी घालते हं. कोमट आहे. आधी उजवा हात."

ग्रंथपाल बाईंनी डोळे पुसले. मग त्यांनीही सांगितलं. आधी चाचरत, मग जरा सावरून. "पाणी घालते हं. आता मान. आता केस. अगं, किती गुंता केलायस." तिसऱ्या तांब्यानंतर त्या बोलतच सुटल्या. डॉक्टर काय म्हणाले, सकाळपासून कुणाकुणाचे फोन आले, खालच्या मजल्यावरच्या मुलीने, जी हिच्याकडेच पोहायला शिकली होती, जिन्यात कसा हंबरडा फोडला. आपा बाजूने हात देत होती, कुशीवर वळवताना आधार देत होती, मधूनच "हं" म्हणत होती. दारापाशी भरलेली बादली येत होती, रिकामी जात होती.

वळवताना आपाला ते दिसलं. ते काय होतं, कुठे होतं, ते तिने आजवर कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून ते इथेही नाही. तिने त्यावरून हात फिरवला तसाच, जसा बाकीच्या अंगावरून फिरवला होता. ना हलका, ना जड. ग्रंथपाल बाईंनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, तिथे काहीच बदललं नाही तेव्हा त्यांचा रोखलेला श्वास सुटला.

कपड्यांचंही त्या मैत्रिणीने आधीच सांगून ठेवलं होतं. तिला कफन नको होतं, तिला तिचं क्लबचं निळं जाकीट हवं होतं, पाठीवर पांढऱ्या अक्षरांत 'प्रशिक्षक' लिहिलेलं. हात आता वळत नव्हते. इथे आपातली शिंपीण पुढे आली. तिने जाकिटाच्या पाठीच्या कडेची शिवण वरपासून खालपर्यंत उसवली, अक्षरांना धक्का न लावता, दोन्ही बाह्या समोरून चढवल्या आणि कडा पाठीखाली सारून दिल्या. चेन गळ्यापर्यंत लावली. रुंद खांदे पुन्हा जाकिटात भरल्यासारखे दिसायला लागले. ग्रंथपाल बाई दोन पावलं मागे सरकून बघत राहिल्या.

"ओरडेल आता," त्या म्हणाल्या, आणि त्यांना रडू आणि हसू एकदमच फुटलं.

गाडीवाले आले तेव्हा त्यांच्या वाट्याला फक्त उचलायचं काम उरलं होतं.

परतताना सुनेने गाडी अर्ध्या वाटेत, एका बंद पेट्रोल पंपाजवळ, बाजूला घेतली. इंजिन बंद केलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर.

"अम्मी, मी आत बघितलं नाही. शपथेवर सांगते."

"माहीत आहे मला."

"पण ऐकलं सगळं. तुम्ही दोघी गप्पा मारत होतात." तिने स्टिअरिंगवरचे हात खाली घेतले. "मी नऊ वर्षांची होते ना, आई गेली तेव्हा. मला बाहेर बसवलं, दार लावून घेतलं. आतून नुसता पाण्याचा आवाज येत होता. कुणी बोलत नव्हतं, का मला ऐकू आलं नाही, देव जाणे. मला वाटलं, आत तिला काहीतरी करतायत. दुखेल असं काहीतरी. इतकी वर्षं तोच आवाज माझ्या डोक्यात आहे. तुम्ही कुणाकडे जाऊन आलात की मला तो तुमच्या हातांना चिकटून आल्यासारखा वाटायचा. मला माहीत आहे, तुम्हाला वाईट वाटायचं. पण माझा इलाजच चालत नव्हता."

आपाला सुनेबद्दल या घरात पाच वर्षांत जेवढं कळलं नव्हतं तेवढं त्या पेट्रोल पंपाशी कळलं. तिला वाटत आलं होतं, पोरीला आपली किळस येते. आता तिला स्वतःचीच लाज वाटली, की एकदाही तिने साधं विचारलं कसं नाही.

"सांगू का तुला, आत काय चाललं असेल?" ती म्हणाली.

सुनेने मान डोलावली.

मग आपाने सांगितलं, पहिल्या तांब्यापासून. पाणी कोपरावर कसं बघितलं असेल, उजवा हात आधी कसा धरला असेल, चादर कशी राहू दिली असेल, आईच्या केसांचे तीन पेड कसे घातले असतील आणि मागे कसे सोडले असतील. सून मधेमधे विचारत होती. कानातलं काढताना ओढलं असेल का? नाही, तेल लावतात आधी. डोळे? ते हलकेच मिटवतात, तळव्याने. एक ट्रक भोंगा वाजवत शेजारून गेला, दोघींचंही लक्ष नव्हतं. शेवटी सून म्हणाली, "म्हणजे दुखलं नसेल." आणि नऊ वर्षांच्या पोरीसारखी रडली. आपाने तिच्या पाठीवर हात ठेवला, आंघोळीच्या पाण्याने अजून सुरकुतलेला, आणि तो सुनेने बाजूला केला नाही.

ग्रंथपाल बाईंनी पोटात ठेवायचं तेवढं ठेवलं आणि सांगायचं तेवढं सांगितलं. वाचनालयात येणाऱ्या एका बाईला सांगितलं, तिने बहिणीला, बहिणीने चर्चमधल्या कुणाला. महिन्याभरात आपाच्या दुकानात चौघीजणी येऊन गेल्या, चौघींच्या हातात कसलीही दुरुस्ती नको असलेले कपडे. कुणाची आई थकलेली, कुणाची मावशी. सगळ्यांना एकच हवं होतं. आपल्या माणसाला आपल्याच हातांनी कसं न्हाऊ घालायचं ते कुणीतरी दाखवावं.

हेडबाईंनी वेळ दवडला नाही. मशिदीच्या मागच्या हॉलमध्ये दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी वर्ग, सगळ्यांसाठी खुला, बायकांचा. पुरुषांचा वर्ग इमामसाहेब घेणार. त्याला पहिलं नाव टायरवाल्यांनी दिलं, "मला फक्त बघायचंय," असं दोनदा सांगून. फळ्यावर विषय काय लिहायचा यावर चर्चा झाली. सुनेने 'अंत्यसंस्कारविषयक' सुचवलं आणि आपा अशी काही बघायला लागली की सगळ्यांना हसू आलं. शेवटी नुसतं 'शेवटची आंघोळ' असं लिहिलं.

पहिल्या शनिवारी नऊ बायका आल्या. तीन धर्मांच्या, आणि दोघी कुठल्याच नाही. टेबल लागलं, चादर आली, सून दारात उभी राहून नावं लिहून घेत होती. आपाने हाताला कापडी पिशवी बांधली आणि तिच्या लक्षात आलं, की दाखवायचं कुणावर? उशी आणली, ती फारच उशी वाटत होती.

"कुणीतरी आडवं व्हा," हेडबाई म्हणाल्या.

नऊच्या नऊ बायकांना एकाएकी छताचा रंग बघावासा वाटला. जिवंतपणी त्या टेबलावर कोण झोपणार? हेडबाईंनीही आपल्याला पाठीचा त्रास असल्याचं सगळ्यांना ऐकवलं.

"मी झोपते," मदतीला आलेल्या ग्रंथपाल बाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढून सुनेकडे दिला, चपला काढल्या आणि खुर्चीवर पाय देऊन टेबलावर चढल्या. अंगावर चादर ओढून घेतली. पाणी नव्हतंच, तांब्या रिकामा होता. तरी आपाने तो कोपरावर उलटा करून बघितला.

"पाणी घालते हं," ती म्हणाली. "आधी उजवा हात."

तिने मनगटापासून कोपरापर्यंत हात फिरवला. खांद्याशी आली तशी चादर गदगदा हलायला लागली. बायका घाबरल्या. सून पुढे झाली. पण बाई हसत होत्या. गुदगुल्या होत होत्या त्यांना. हॉलभर हशा पिकला, हेडबाईंचाही, आणि मग कुणालाच त्या टेबलाचं काही वाटेनासं झालं. बायका जवळ सरकल्या. आपा सांगत गेली, मान अशी धरायची, वळवताना एक हात इथे, एक इथे. एकेकीने करून बघितलं.

बाईंचं हसू हळूहळू ओसरलं. डोळे मिटलेलेच होते. एका बाईने त्यांचा डावा हात धरून बोटं एकेक पुसली आणि आता सोडावा की काय म्हणून ती थांबली.

"थांबू नका," टेबलावरून आवाज आला. "बरं वाटतंय."